एकाला ऊन, एकाला वीज

साळवी सरांच्या खिशात कायम खडू असायचा. शाळेतलाच, पांढरा, अर्धा मोडलेला. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या खिशात खडू सापडला तर त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण सर तो रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, लोकांच्या लग्नातसुद्धा बाळगायचे. कारण प्रश्न कधी समोर येईल याचा नेम नाही, आणि प्रश्न आला की सरांना आधी एक उभी रेघ ओढावी लागे. रेघेच्या डावीकडे एक वस्तू, उजवीकडे दुसरी, आणि दोन्हींच्या खाली गुणदोष. पोलादपुरातल्या कितीतरी ओट्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर मी ती रेघ पाहिली आहे.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची आणि त्यांच्या शेजारीच राहायची. दोन घरांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा. त्यामुळे शाळेत सर जेवढे दिसत, त्याहून जास्त ते मला गडग्यावरून ऐकू येत. माणूस सज्जन, हुशार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त काही ठरवायची वेळ आली की संपलं.

एकदा कसल्याशा सभेसाठी आम्ही दोघं महाडला गेलो होतो. परत निघताना स्टँडवर पोलादपूरची साधी गाडी लागलेली आणि तिच्या शेजारी पोलादपूरवरून जाणारी चिपळूणची जलद. मी सरळ साधीकडे निघाले तर सर म्हणाले, "थांबा बाई. दोन्ही बाजू बघू. जलदचं तिकीट जास्त, पण ती मधे थांबत नाही. साधी स्वस्त, पण हात दाखवेल त्याला घेणार." खडू बाहेर आला. स्टँडच्या खांबावर रेघ पडली. बसायला जागा मिळणं हा गुण कुठल्या बाजूला मांडायचा यावर विचार चालू असताना साधी गेली, आणि तिच्या मागोमाग जलदही गेली. सरांना वाईट वगैरे काही वाटलं नाही. "बरं झालं, प्रश्न सोपा झाला," म्हणाले. आम्ही खडीच्या ट्रकमधून घरी आलो.

हा स्वभाव गाड्यांपुरता असता तर मी आज हसून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या घरी सुमनवहिनी होत्या.

वहिनी जवळच्याच कापडे गावच्या. ठेंगण्या, कामाला वाघ, आणि तोंडाने फटकळ. सर पुस्तकासारखं बोलत, वहिनी चुलीपाशी बसल्यासारख्या. त्यांच्या घरामागे न्हाणीघर होतं आणि त्यात तांब्याचा बंब. पहाटे उठून वहिनी तो पेटवायच्या. उन्हाळ्यात ठीक, सुकी लाकडं, नारळाची सोडणं, काटक्या भराभर पेटायच्या. पण आमच्याकडे पाऊस एकदा बसला की चार महिने उठत नाही. लाकडं आतून भिजतात, आणि भिजलेलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग गडग्यापलीकडून आधी धूर यायचा आणि धुरामागून वहिनींचा खोकला. माझं घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, त्या खोकल्यावर मी उठायची.

पुढे तो खोकला उन्हाळ्यातही राहायला लागला. महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं, "दमा आहे. गोळ्या देतो, पण आधी तो बंब बंद करा. एवढा धूर यांना झेपणार नाही."

सरांनी ते मनावर घेतलं. खरंच घेतलं, उगाच खोटं कशाला बोलू? बायकोवर जीव होता त्यांचा. आणि घोटाळा तिथेच झाला. दुसऱ्या कुणी दुकानात जाऊन हाताला लागेल तो विजेचा गीझर आणला असता. सर म्हणाले, "वीज जाळून पाणी तापवायचं हा मूर्खांचा मार्ग. तिच्यासाठी घ्यायचं तर चांगलंच घेऊ." गॅसचा एकच सिलिंडर, तो संपला की नंबर लावून वाट बघायची, म्हणून त्यावर आंघोळीचं पाणी नको. राहिला सोलर. छपरावर काचेची पेटी, वर टाकी, फुकटचं ऊन. शिवाय त्याला सरकारची सवलत होती.

सवलत! या शब्दाने त्या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं वाळवीनेही केलं नसेल. पहिल्या वर्षी सर चौकशीला गेले तर कळलं, यंदाची सवलत संपली, मार्चनंतर बघा. मार्चनंतर कळलं, पुढच्या वर्षी वाढणार आहे. मग आत्ता घेणं वेडेपणाचं, नाही का? पुढच्या वर्षी ती कमी झाली. मग तर घेणं अगदीच वेडेपणाचं; कमी झालेली पुन्हा वाढेलच की. असं करत करत सरांच्या कानामागचे केस पांढरे झाले.

"सवलत कुणाला हो देतंय सरकार?" वहिनी गडग्यावर कोपरं टेकून मला विचारायच्या. "ह्यांना देतंय का मला? मला दिली तर मी सकाळचा बंब नाय पेटवणार, यवडीच सवलत मला बास हाय."

आणि गंमत अशी की या काळात सर सोलरमधले जाणकार म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध झाले. कुणाला सोलर घ्यायचा असला की लोक विचारायचे, "साळवी सरांना दाखवलंस का?" सर आनंदाने लोकांच्या छपरांवर चढायचे. दक्षिण कुठे, सावली कुठल्या झाडाची पडते, पाणी जड आहे की हलकं, सगळं बघून सांगायचे, आणि त्यांनी सांगितलेलं कधी चुकलं नाही. उमरठचा एक पालक मुलाच्या नापास होण्याबद्दल विचारायला आला, तो सोलरचा सल्ला घेऊन गेला. खुद्द महाडच्या डॉक्टरांच्या गच्चीवर सरांच्या सल्ल्याने सोलर चढला. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, "तुमच्याकडे कुठला बसवलात?"

"चाललंय," सर म्हणाले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, "म्हण चांगली आहे, बाई."

अशात त्यांचा एक जुना विद्यार्थी महेश भेटायला आला. तो महाडच्या एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्यात लागला होता. चहा पिता पिता म्हणाला, "सर, आता पाणी तापवायला हीट पंप येतोय. हवेतली उष्णता ओढतो आणि पाण्यात सोडतो. ऊन नको, काही नको. गीझरपेक्षा वीजही फार कमी खातो." 

मी तिथेच होते. सरांचा चेहरा असा उजळला, जणू घरात मुलगा झाला. तोपर्यंत सोलरसमोर तोडीस तोड असं दुसरं काही नव्हतं. उजवा खाना रिकामा होता आणि तो त्यांना टोचत होता. आता खरी लढत. सरांनी त्याच क्षणी ओटीच्या फरशीवर रेघ ओढली. वहिनींनी कपबश्या उचलल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या. सवत आली."

मग कित्येक महिने हीट पंप म्हणजे काय हे सगळ्या पोलादपूरला कळेल अशा बेताने सर सांगत सुटले. "अहो, साधा उलटा फ्रिज! फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ना? मागे हात लावून बघा, गरम लागतो. तीच उष्णता पाण्याला द्यायची." लोक माना हलवायचे. पण सरांना नुसत्या माना पुरेनात. एका रविवारी त्यांनी घरचा फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला आणि त्याच्या मागच्या जाळीला पाण्याचा पितळी तांब्या तारेने बांधून ठेवला. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोट बुडवायला लावलं. पाणी कोमट होतं, नाही असं नाही.

"ह्यात मांजरीचं पिल्लू तरी न्हायल का?" वहिनी म्हणाल्या.

हा टोमणा सरांना लागला. पुढच्या रविवारी त्यांनी जाळीला नळी गुंडाळून बघायचं ठरवलं. आतून खडखड झाली, मग सापाने फुत्कार टाकावा तसा फुस्स आवाज आला आणि फ्रिज कायमचा गप्प झाला. वहिनींनी त्यात पापड, काडेपेट्या आणि कुरडया ठेवायला सुरुवात केली. पावसाळ्यात काहीही सादळायचं नाही. "उलटा नाय न् सुलटा नाय, पण फडताळ झ्याक झालं," असं त्या आल्यागेल्याला दाखवायच्या.

आता उरला सवलतीचा प्रश्न. सोलरला सवलत आहे, मग हीट पंपाला का नसावी? सर तालुक्याच्या एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. तिथे जे झालं ते त्यांनीच मला सांगितलं, तेही न हसता.

कारकुनाने अर्ज वाचला. "पंप? विहीर कुठंय?"

"विहीर नाही."

"मग पाणी कुठनं खेचणार?"

"पाणी खेचायचं नाही. उष्णता खेचायची आहे."

"कशातनं?"

"हवेतून."

कारकुनाने शेजारच्या टेबलाकडे बघितलं. शेजारचं टेबल स्वभावाने भलं होतं, त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "सर, असं करा. विहीर नसल्याचा दाखला आणा. मग पुढं बघू."

दुसरा कुणी हात जोडून निघून आला असता. सर दाखला काढायला गेले, आणि हेलपाटे घालून तो मिळवलाच. कचेरीतून रीतसर उत्तर आलं, 'अर्जदाराकडे विहीर नसल्याने पंप मंजूर करता येत नाही.' सरांनी पुन्हा पत्र लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. शेवटी त्या कारकुनालाच सरांची दया आली. "सर, एवढे येता, मला वाईट वाटतं. तुमच्या नात्यात कुणाची विहीर हाय का? त्यांच्या नावानं करा अर्ज, मी स्वतः लक्ष घालतो."

वहिनींचा भाऊ बबन कापड्याला शेती करायचा, त्याच्याकडे विहीर होती. त्याने अर्ज केला आणि त्याला पंप मिळाला. खरोखरचा, पाणी खेचणारा. त्या वर्षी त्याने विहिरीवर वालाचं पीक काढलं, आणि दाजींचे उपकार म्हणून भाताचं एक पोतं आणून टाकलं. वहिनींनी पोतं ओटीवर ठेवून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या भावाचं शेत भिजलं. आता माझं पाणी कवा तापतंय?"

सर गडबडले. पण त्यांची अडचण खरी होती, हेही सांगायला हवं. त्यांनी मला एकदा फरशीवरचे दोन्ही खाने वाचून दाखवले होते. सोलरला ऊन हवं आणि हीट पंपाला वीज. आषाढात आमच्याकडे ऊन नसतं. आणि आंबेनळी घाटाच्या वाटेवर एक झाड तारांवर आडवं झालं की वीजही नसते. शिवाय तेव्हा भारनियमन सुरू झालं होतं. "एकाला ऊन, एकाला वीज. नेमकी जेव्हा गरज तेव्हा दोन्ही नाहीत. काय करावं माणसाने?" सरांनी विचारलं होतं. मीही त्या रेघेकडेच बघत बसले होते.

तो आषाढ वाईट गेला. लाकडं अशी भिजली होती की रॉकेल ओतलं तरी धूरच. एका सकाळी खोकला आला आणि मधेच थांबला. मी गडग्यावरून उडी टाकून गेले. वहिनी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, ओठ काळेनिळे, तोंड उघडं आणि श्वास आत जात नव्हता. सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत नुसते "सुमन, सुमन" म्हणत होते. महेशच्या ओळखीने जीप मिळाली, महाडला नेलं, ऑक्सिजन लावला. वाचल्या. दवाखान्याच्या बाकावर सर मला म्हणाले, "बाई, यंदा दिवाळीच्या आत घेतोच. सवलतीचं काय होतंय ते एकदा कळलं की—" आणि मला त्या माणसाचा राग आला. नुसता वैताग नव्हे, खरा राग. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

वहिनी दवाखान्यातून सुटल्या त्या घरी आल्याच नाहीत. बबनला म्हणाल्या, "मला कापड्याला ने." सरांना एवढंच सांगितलं, "तुमचं ठरलं की न्यायला या."

सरांनी काही दिवस काढले. मग एका सुट्टीच्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले. "बाई, चला. मला एकट्याला बोलता येणार नाही." मी गेले. पाऊस जरा थांबला होता. बबनच्या ओटीवर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत लाली दिसली नाही. चेहराही भरला होता. भावजयीने चहा आणला.

सर बसले आणि बोलायला लागले. सगळा अभ्यास झाला आहे, आता फक्त शेवटचं ठरवायचंय, तू म्हणशील ते घेऊ. आणि सवयीने हात खिशात गेला. ओटी शेणाने सारवलेली, ओली. खडू काही उमटेना. तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली काटकी घेतली आणि अंगणाच्या चिखलात रेघ ओढली. "हे बघ. इकडे सोलर. इकडे—"

वहिनी उठल्या, पायरी उतरून आल्या. त्यांनी सरांच्या हातातली काटकी घेतली आणि शेजारी आणखी एक रेघ ओढली.

"इतकी वर्सं तुमी दोनच खानं आखलं," त्या म्हणाल्या. "हा तिसरा. ह्यात काय लिवायचं सांगू?"

"काय?"

"तुमी."

सरांना कळलं नाही. खरंच कळलं नाही, मी बघत होते त्यांच्याकडे. वहिनी दम घेत घेत, अगदी शांतपणे म्हणाल्या, "सोलर येईल तवा येईल. तो उलटा फ्रीज येईल तवा येईल. तवर बंब तुमी पेटवायचा. डाक्टरनं मला धूर नको सांगितलाय, तुमाला नाय. हे तुमाला एक दिस सुचलं नाय वो. एक दिस."

बबन खाली बघत होता. मीही खालीच बघत होते. शेजारी राहून, रोज तो खोकला ऐकून, वहिनींची बाजू घेऊन सरांशी भांडून हे मलाही सुचलं नव्हतं. बंब पेटवायचा तो वहिनींनी, हे आम्ही सगळे न आखताच धरून चाललो होतो.

वहिनी परत आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत सर बसले. विज्ञानाचे शिक्षक, ज्वलनाचा धडा वर्षानुवर्षं शिकवलेले. त्यांना बंब पेटवता येईना. फुंकर घालायला गेले तर राख तोंडावर आली. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला, नाकात गेला. गडग्यापलीकडून खोकला आला, पण तो जाड, पुरुषी खोकला होता. ओटीवरून वहिनींचा आवाज आला, "आधी सोडणं घाला, लाकूड मागनं!" मी अंथरुणात पडल्या पडल्या हसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं? ज्या निर्णयाला इतकी वर्षं लागली तो आठवड्याभरात झाला. सर महाडला गेले, पहिल्या दुकानात शिरले आणि सोलर सांगून आले. भाव नाही केला, दुसरं दुकान बघितलं नाही, सवलत विचारली नाही. टाकी छपरावर चढत असताना कुणीतरी बातमी आणली की पुढच्या महिन्यापासून सवलत वाढणार आहे. सरांनी वर बघून फक्त एवढंच म्हटलं, "जरा डावीकडे घ्या, सावली येते."

ऊन असेल तेव्हा तो सोलर छान चालायचा. वहिनी आल्यागेल्याला नळ सोडून दाखवायच्या, "हात घाला, घाला, भाजतंय बघा." पण दमा गेला नाही. इतक्या वर्षांचा धूर छातीत बसलेला, तो छपरावर काच लावून कसा निघणार? जिना चढताना त्या मधे थांबायच्या आणि आम्ही उगाच दुसरंच काहीतरी बोलत राहायचो.

मग माझी बदली झाली. पुढच्या पावसाळ्यात काही कामासाठी पोलादपूरला आले होते, सकाळी त्यांच्याकडे गेले. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, आणि रात्री घाटात कुठेतरी तारा तुटून वीज गेलेली. वहिनी पुढच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. मधलं दार लावलेलं, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं. मला बघून हसल्या, हातानेच मागे जा म्हणून खूण केली.

मी बाहेरून वळसा घालून न्हाणीकडे गेले. आत काही दिसत नव्हतं. नुसता धूर. हळूहळू त्यात पाटावर उकिडवे बसलेले सर दिसले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, कपाळाला काजळी. मी "सर, मी बसते जरा" म्हटलं तर त्यांनी हाताने अडवलं. तेवढ्यात बंद दारापलीकडून वहिनींचा आवाज आला. सगळा श्वास गोळा करून विचारल्यासारखा.

"धूर होतोय काय वो लय?"

सरांना उबळ आली होती. त्यांनी सदऱ्याची बाही तोंडात कोंबली, उबळ जाईपर्यंत दाबून धरली, आणि मग तोंड दाराकडे करून मोठ्याने म्हणाले,

"नाय गो."